राखेत ठेवलेली मेमरी

सोनल, ये गो, अशी आत्याजवळ बस. तू कुठली बसतेस म्हणा, तू तिकडं ठाण्याला आणि मी इथं वहीवर वाकलेली. तरी बस, कारण आज तुला थोडं बोलायचंय. परवा तू आईच्या फोनवरून बोलत होतीस, तुझ्या मैत्रिणी खिदळत होत्या आणि तू त्यांना सांगत होतीस, आमच्या मातोश्रींनी माझा भिजलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय, आता त्याची खीर होणार. सगळ्यांत मोठ्यानं तूच हसलीस. मागे तुझी आई भांडी लावत होती, मला आवाज येत होता. तू हसलीस तशी भांडी थांबली, आणि थोड्या वेळानं परत वाजायला लागली. मला तुझा राग नाही आला. मला मळमळलं. जेवण झालेलं होतं, मी उठून मागच्या दारी गेले आणि तोंडावर पाणी मारून आले. ह्या वहीत माझ्या तरुणपणाचं सगळं लिहून झालं, म्हशी आल्या, शाळा आली, माझं लग्न कसं नाही झालं तेही आलं, पण एवढी एक गोष्ट मी तीनदा टाळली. आज लिहिते. तुझाही थोडा भाग आहे त्यात, पण तू तेव्हा दीड वर्षाची होतीस आणि तोंडात अंगठा घालून बसायचीस.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावर. सडकेपासून तासभर चढायचं. घरात मी, आय आणि चार म्हशी. बाबा मी शाळेत असतानाच गेले, दादा मुंबईला. पहाटे आधी म्हशी उठायच्या, मग आय, मग रवीचा घुसळण्याचा आवाज, आणि सगळ्यांत शेवटी मी. लोक आता अशा घराबद्दल गोड गोड लिहितात. मला खोटं लिहायचं नाही, मला त्या घराची किळस यायची. गोठा आणि ओटी ह्यांच्यात एक कुडाची भिंत, तिच्यातून म्हशींच्या मुताचा वास चोवीस तास घरात. चुलीवरच्या दोरीला सुकट टांगलेली, तिचा वास केसांत बसायचा. पावसाळ्यात अंथरुणाला बुरशी, गोचिड्या भिंतीवर चढलेल्या. आणि आयचे हात. म्हशीची कास, शेण, सुकट, राख, सगळं त्या हातांवर. धुवायची ती, नाही असं नाही, पण जायचं नाही. त्याच हातानं ती नाचणीची भाकरी थापायची आणि माझ्या ताटात टाकायची. मी काय करायची, भाकरीचा वरचा पापुद्रा हळूच सोलून ताटाच्या कडेला ठेवायची आणि आतला भाग कुळथाच्या पिठीशी खायची. आय रोज बघायची. म्हशीला पापुद्रा आवडतो, म्हणायची, आणि उचलून न्यायची.

दहावीनंतर मी पुढे शिकले नाही, पण वाचायची हाव होती. दादाच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा त्यातला एक त्यानं माझ्यासाठी आणला. तेव्हा आमच्या साऱ्या डोंगरावर एकही नव्हता. पिवळा पडलेला, की-बोर्डाच्या बटणांवर कुणाकुणाच्या बोटांचा काळा थर. तो मळ मी रॉकेलच्या बोळ्यानं दोन दिवस काढत होते, आणि प्रत्येक बटणामागे ओकारी येत होती. खालच्या सडकेपर्यंत टेम्पोनं आला, तिथून टीव्हीसारखा पडदा दादाच्या खांद्यावर आणि मोठी पेटी आयच्या डोक्यावर, चुंबळीवर. ओटीवर कणगीच्या शेजारी टेबल टाकलं आणि तो तिथं बसला. पहिली वीस पानं नसलेलं एक पुस्तक मिळालं होतं. त्यावरून मी शिकले, म्हणजे चालू कसा करायचा ते माझं मीच शोधलं आणि पुढचं पुस्तकानं सांगितलं. मराठी टायपिंग यायला लागलं तशी कामं यायला लागली. शाळेच्या प्रश्नपत्रिका, मंडळाचे अर्ज, लग्नपत्रिकेचा मजकूर. फ्लॉपी दुधाच्या पिशवीत गुंडाळायची, पोलादपूरला उतरायचं, तिथं छापून घ्यायचं. वाडीत मला 'टायपिंगवाली' म्हणायला लागले. आता तुला हसू येईल, पण ते नाव ऐकलं की माझ्या अंगाचा म्हशीचा वास गेल्यासारखा वाटायचा.

पण तो थिजायचा. साधा मजकूर चालायचा, पत्रिकेवर गणपतीचं चित्र टाकलं की संपलं. बाण हलायचा नाही, बटणं दाबून उपयोग नाही. आय दारातून बघायची. "दमला असंल गो. पानी दाखव त्याला." तिनं आयुष्यभर जनावरं सांभाळली होती, न चालणाऱ्याला पाणी दाखवायचं हे तिला माहीत. मी खेकसायची. वाडीत एकाच घरी फोन होता, तिथून दादाला विचारलं, तर तो म्हणाला, मेमरी कमी हाय त्यात, वाढवायला पायजे. घरी येऊन आयला सांगितलं. ती ताक घुसळत होती.

"मेमरी म्हंजे?"

"आठवण. ह्यानं जे जे साठवलंय ना, ती."

रवी थांबली. "आणि ती पेटीतच असते?"

"मग कुठं असणार?"

"पावसात कशी टिकंल?"

"टिकते गो आये. तुला नाय कळायचं ते."

एवढंच बोलणं झालं. ते मी विसरून गेले, आय नाही विसरली.

त्या पावसाळ्यात विजेचा खांब पडला आणि तीन आठवडे वाडीत लाईट नव्हती. मी कंटाळून दासगावला मावशीकडे जाऊन राहिले. तिच्या घरी फरशी होती, पांढरी, पाय ठेवला की गार लागणारी. तिथून परतायचं माझ्या जिवावर आलं होतं. परत आले तर कॉम्प्युटरवर घोंगडी पांघरलेली. मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून असेल. घोंगडीला वास होता, ती मी नाक मुरडून काढली आणि विषय संपला.

गणपतीला दादा आला, वहिनी आली, तू आलीस. लाईटही आली होती. दादापुढे ऐटीत बटण दाबलं, तर आतून जळका वास आला आणि पडद्यावर अक्षरं दिसायच्या आधीच सगळं थिजलं. परत दाबलं, परत तेच. दादा खुर्चीत मागे रेलला. वाईट माणूस नाही तो, तुझा बापच आहे, पण त्या दिवशी तो घरातला पुरुष होऊन बोलला.

"हे बघ, मी स्पष्ट सांगतो. महाडला दुकान हाय, तिथं दाखव. त्यानं सांगितलं मेमरी बसते, तर पैसे मी देतो. नाय म्हणाला, तर भंगारात घाल. आणि मग इथं म्हशींपाठी बसून काय करणार हायस? दसऱ्यानंतर मुंबईला ये. हिला कामावर परत जायचंय, सोनलला बघायला कुणीतरी पायजेच."

वहिनी खाली बघून तुझं नाक पुसत होती. तुमच्या तेव्हाच्या खोलीत मी एकदा आठ दिवस राहिले होते. दहा बाय दहाची, संडास चाळीच्या टोकाला, त्याच्या दारात सकाळी डबडी घेऊन उभी असलेली माणसं, आणि मोरीतून संध्याकाळी वर येणारी झुरळं. तुझ्यावर माझा जीव होता गो, पण त्या खोलीत कुणाच्या तरी हाताखाली आयुष्य काढायचं नव्हतं. म्हणजे त्या पेटीत मेमरी बसली तर मी टायपिंगवाली, नाही बसली तर मी सोनलची आत्या म्हणून मुंबईला. मधलं काही नव्हतं.

दादा गेल्यावर आम्ही निघालो. मी म्हटलं गडी बघू, आय म्हणाली, आणला मी, नेणार पण मीच. तिनं पेटी गोणपाटात बांधली, चुंबळ केली आणि डोंगर उतरली. घसरण होती, एकदाही हात वर केला नाही तिनं पेटी धरायला. मी मागून छत्री आणि पर्स घेऊन. एस्टीत तिनं पेटी मांडीवर घेतली, लेकरू घेतात तशी, आणि कंडक्टर म्हणाला, मावशी, खाली ठेवा, तर म्हणाली, आठवन हाय त्यात, हिसके बसतील. दोघंतिघं वळून बघायला लागले. मी खिडकीतून बाहेर बघत बसले, जणू ती माझ्या शेजारची नव्हेच. म्हणजे पुढं जे झालं त्याची सुरुवात एस्टीतच झाली होती, हे मला आता कळतं.

दुकान महाडच्या बाजारपेठेत, माडीवर. दुकानदाराचं नाव मिलिंद. तोंडात तंबाखू, आणि करंगळीचं नख इतकं वाढवलेलं की त्यानं तो आधी कान कोरायचा आणि मग त्याच नखानं बारीक स्क्रू उचलायचा. कपात पिऊन उरलेल्या चहावर साय धरलेली, तिच्यात माशी. बाकावर एक प्राध्यापक बसले होते आणि त्यांच्यासोबत दोन मुली, कॉलेजच्या असतील, इस्त्रीचे कपडे, पावडरचा वास. मी त्यांच्या शेजारी बसले. आयनं पेटी टेबलावर ठेवली आणि ती जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. चिखलाच्या पायांनी आत कशाला, म्हणाली.

मिलिंदनं पाठीमागचे स्क्रू काढले आणि पत्रा सरकवला.

पहिल्यांदा वास आला. मग टेबलावर भसकन राख सांडली. चुलीतली राख, पाणी लागून काळी, गोळे झालेली. तिच्यात निगडीचा पाला, कुजून बुळबुळीत झालेला. दोन वाळक्या मिरच्या. कापडाच्या चार पुरचुंड्या, तारांच्या मध्ये नीट खोचून बसवलेल्या. त्यातली एक उंदरानं फोडून तिची गादी केली होती, आणि गादीवर गुलाबी, डोळे न उघडलेली तीन पिल्लं. दोन मेलेली, एक वळवळत होतं. खाली झुरळांची अंडी चिकटलेली, चिंचोक्यासारखी. त्या मुलींतली एक किंचाळून जिन्याकडे पळाली. माझ्या घशाशी आलं ते मी गिळलं, त्याची आंबट चव मला आताही लिहिताना येते.

मला एका क्षणात सगळं कळलं होतं. वालाचं आणि कुळथाचं बी आय असंच ठेवायची. राखेत घोळवायचं, निगडीचा पाला घालायचा, मिरची टाकायची, म्हणजे पावसाळाभर कीड लागत नाही, पेरायच्या दिवशी बी जसंच्या तसं निघतं. पाठीमागं हात जाईल एवढं एक झाकण नव्हतं त्या पेटीला, तिथून तिनं हात घातला असणार. मी घरी नसताना, लाईट नसताना, तीन आठवड्यांच्या पावसात, तिनं माझी आठवण बियाण्यासारखी राखेत ठेवली होती.

"हे काय आहे?" मिलिंद म्हणाला. "कॉम्प्युटर आहे का चूल?"

प्राध्यापक हसले. मुली हसल्या, पदरानं नाक धरावं तशा ओढण्या नाकाला लावून. आणि मी हसले. मी त्यांच्याहून मोठ्यानं हसले.

"कुणी केलं हे?"

मी म्हटलं, "आमच्याकडे कामाला येते एक बाई. अडाणी आहे. तिनं केलं असेल."

'आहे' म्हटलं मी. 'हाय' नाही. एवढी शुद्ध भाषा माझ्या तोंडून त्याआधी कधी निघाली नव्हती.

जिना तिथून चार हातांवर. आयनं मान वळवली नाही. तिथूनच म्हणाली, "व्हय सायेब. मीच ती बाई. माज्याच हातून झालं."

"मावशी, काय हे. पिल्लं घातली की उंदरानं आत."

"चुकलं सायेब. आमाला काय कळतंय."

मग ती उठली, आत आली, चिखलाच्या पायांनीच, आणि कुणी सांगायच्या आधी तिनं दोन्ही हातांनी ती राख, तो पाला, ती मेलेली पिल्लं पदरात भरली. जिवंत होतं ते पण. माझ्याकडे बघितलं नाही. मालकिणीच्या तोंडाकडे बघत नाहीत तसं. जिना उतरून खाली टाकून आली, नळावर हात धुतले आणि पुन्हा पायरीवर बसली.

मिलिंदनं ब्रशनं, मग फुंकणीसारख्या यंत्रानं पेटी साफ केली. आतून हिरवी पाटी निघाली. तिच्यातून त्यानं बोटभर लांबीची एक पट्टी उपटली, म्हणाला ही मेमरी, आणि खोडरबर घेऊन तिची सोनेरी कड घासायला लागला. पायरीवरून आवाज आला, "सायेब, रबरानं पुसली तर जाईल ना आठवन?"

तो पुन्हा हसला, पण ह्या वेळी सांगत बसला तिला. "जायला आहेच काय तिच्यात, मावशी? ही मेमरी कामापुरती. बटण बंद केलं, लाईट गेली, की ही सगळं विसरते. साठवायचं ते दुसरीकडे, त्या डबीत असतं."

"मग विसरनारीच वाढवायची?"

"हो. तीच कमी पडते."

त्यानं पट्टी बसवली, बटण दाबलं, तर पेटीनं तीनदा टूं टूं केलं आणि दुकानातला पडदा काळाच. मुंबईची मोरी डोळ्यांपुढं आली. त्यानं पट्टी काढली, पुन्हा घासली, दुसऱ्या खाचेत बसवली. एकच टूं झालं आणि अक्षरं आली. "नशीब तुमचं," म्हणाला. "पाटी वाचलीय. नवी पट्टी शेजारच्या खाचेत बसेल, पण टाकायची का ते तुम्ही ठरवा. परत असंच होणार असेल तर त्यात अर्थ नाही. त्या बाईला हात लावू देऊ नका ह्याला."

मी म्हटलं, "नाही लावू देणार. टाका."

आणि पायरीवरून आय म्हणाली, "नाय लावनार, सायेब. टाका तुमी."

आजही मला विचारशील तर तो मिलिंद, ते नख, ती सायीतली माशी, उंदराची पिल्लं, ह्यांतल्या कशाचीच किळस आता उरलेली नाही. माझ्या त्या 'आहे'ची आहे. तोंड धुऊन ती जात नाही.

परतीच्या एस्टीत मी खिडकीशी बसले नाही, तिच्या शेजारी चिकटून बसले. पेटी तिच्याच मांडीवर. नांगलवाडी गेल्यावर म्हटलं, "आये."

"त्या मेल्याच्या तोंडाला कसला वास येत व्हता गो," ती म्हणाली. "आपला रेडा बरा."

मी रडायला लागले. तिनं पेटीवरचा हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला. "असूं दे. काय म्हनला तो, बटन बंद केलं की ती इसरते. केलं मी बटन बंद."

दुसऱ्या दिवशी पत्रिकेवर गणपती उमटला, सोंडेसकट, न थिजता. मी मुंबईला गेले नाही. तुला सांभाळायला वहिनीच्या मावशी आल्या. पुढची बारा-तेरा वर्षं मी त्या टायपिंगवर जगले, वाडीत मान मिळाला, नंतर नवा कॉम्प्युटर घेतला, त्यावर हे सगळं टाईप करता येईल, पण मी वहीत लिहिते आहे.

मात्र आय बटण बंद करून मोकळी झाली नव्हती. दर आठवड्याला ती ओटी शेणानं सारवायची. त्या दिवसानंतर सारवताना ती टेबलापर्यंत यायची आणि थांबायची. टेबलाच्या चार पायांमध्ये आणि भोवती हातभर जागा कोरडी सोडायची. सगळी ओटी ओली हिरवी, आणि मधे तेवढा एक पांढुरका चौकोन, भेगा पडलेला, केरानं भरलेला. मी म्हणायची, आये, तिथं पण सारव ना. ती म्हणायची, नको गो, हात लागंल. रागानं नाही, सहज. मी स्वतः सारवायला बसले तर माझ्या हातच्या सारवणाला पोपडे धरायचे, कारण इतकी वर्षं शेणाची किळस करून मी ते शिकलेच नव्हते. भाकरीचा पापुद्रा मात्र मी खायला लागले. तिनं ते बघितलं आणि म्हशीला दुसरं काहीतरी द्यायला लागली.

आय गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. ओटीवर मी फरशी घातली, पांढरी, मावशीकडे होती तशी. त्या चौकोनावर फरशी बसवायची वेळ आली तेव्हा गवंड्याला म्हटलं, एवढं राहू दे. तो म्हणाला, बाई, दिसायला घाण दिसेल. म्हटलं, दिसू दे.

तर सोनल, मोबाइल चालू झाला का तांदळातून, ते मला कळव. झाला नसला तरी तुझ्या आईला तसं सांगू नकोस. आणि ये. दिवाळीची वाट बघू नकोस, हे पान तुला पाठवते, हातात पडलं की येणाऱ्या शनिवारीच ये. आईला सोबत घेऊन ये, एकटी येऊ नकोस. एस्टीत तिच्या पिशवीला तांदळाचा, सुकटीचा, कसला का वास येईना, तिला खिडकीशी बसव आणि तू तिच्या शेजारी बस. आमच्या वाडीच्या चढाला कुणी ना कुणी विचारतंच, ही कोण गो तुझ्यासंगं? तेव्हा मोठ्यानं सांग. मी वर अंगणात उभी असेन, मला ऐकू येईल असं सांग.